उमाबाईंची आलाबला

मार्गशीर्षाच्या अखेरीला येणारी वेळ अमावस्या, आमच्या तोंडी येळवस. त्या दिवशी लातूर-नांदेडकडची माणसं घराला कुलूप घालून शेतात जेवायला जातात. जळकोटच्या उमाबाईंच्या घरची येळवस मात्र जेवणानं सुरू व्हायची नाही, ती आलाबला घेऊन व्हायची. ज्वारीच्या रानात कडब्याची कोप उभी केलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडलेले आणि कोपीच्या तोंडाशी उमाबाई गोणपाटावर बसलेल्या. दोन्ही सुना पाया पडल्या की त्या एकेकीच्या गालांवरून दोन्ही हात फिरवायच्या आणि बोटं स्वतःच्या कानशिलांवर टेकवून कडाकडा मोडायच्या. बोटं जेवढी जास्त वाजली तेवढी त्या सुनेला दृष्ट लागलेली, आणि दृष्ट लागते ती देखण्या माणसालाच, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

धाकटी सून सुकन्या, लातूरची. तिचा नवरा वैजनाथ बारावीच्या पोरांचे क्लास घ्यायचा. सुकन्येचे गाल असे भरलेले की हसली की डोळे बारीक व्हायचे. तिच्या वेळी उमाबाईंची बोटं फटाक्याच्या माळेसारखी वाजायची. थोरली शिवकन्या, नांदेडची. तिचा नवरा बालाजी, त्याचं खताचं दुकान. शिवकन्येचा चेहरा लांबट, गालाची हाडं वर आलेली आणि त्याखाली खळगे. तिच्या वेळी एक बोट वाजायचं नाही. सुकन्या लग्न होऊन आली त्या पहिल्याच येळवशीला उमाबाई थोरलीला हसत म्हणाल्या होत्या, "तुला कोण दृष्ट लावतंय गं माय! तू बिनघोर ऱ्हा."

सगळे हसले. शिवकन्याही हसली. पण ते वाक्य तिच्या पोटात जे जाऊन बसलं ते बावीस वर्षं तिथून हललं नाही. बिनघोर राहायला तिला सांगितलं होतं आणि नेमकं तेच तिला कधी जमलं नाही.

हेवा म्हणजे काय हे कुणाला शिकायचं असेल तर शिवकन्येकडे यावं. सुकन्या तोंडाला काय लावते, भात किती खाते, तूप कुठल्या डेअरीचं आणते, सगळं तिला पाठ. सुकन्या दूध-खारीक खाते असं कळलं तेव्हा हिनं हिवाळाभर दूध-खारीक खाल्लं. अंगाला लागलं, पण ते सगळं कमरेला गेलं, गालाकडे फिरकलंसुद्धा नाही. फोटो काढताना ती कडेला उभी राहायची, पदर हनुवटीपर्यंत ओढून. येळवशीला पाया पडून झालं की चुलीपाशी जाऊन भज्जी, पालेभाज्या-शेंगांची ती पातळ भाजी, ढवळत बसायची, म्हणजे सुकन्येच्या वेळची बोटं ऐकू यायला नकोत. ती तरीही ऐकू यायचीच.

दोन वर्षांपूर्वीच्या येळवशीला तर कहर झाला. सुकन्या चाळिशी ओलांडलेली, लेक सृष्टी इंजिनिअरिंगला गेलेली, आणि बाईच्या तोंडावर लग्नात नव्हती एवढी गोलाई. उमाबाईंची बोटं अशी वाजली की पलीकडच्या रानात जेवायला बसलेली माणसं वळून बघायला लागली. शिवकन्येच्या अंगाची लाही लाही झाली. देवानं द्यावं, पण एकाच माणसाला किती द्यावं याला काही सुमार? त्या दिवशी तिनं सुकन्येचा एक फोटो काढला, घरी येऊन दोन बोटांनी मोठा केला आणि नुसते गाल बघत बसली.

नांदेडात एका पार्लरच्या वरच्या खोलीत हैदराबादची एक बाई दर रविवारी येऊन तोंडात फिलर भरून द्यायची. म्हणजे सुईनं कातडीखाली एक जेल सोडायचं, की बसलेला गाल वर येतो. शिवकन्या तिथं गेली, फोटो पुढे धरला आणि म्हणाली, "असे करा."

"हे तोंड वेगळं हाय, ताई. तुमची हाडं वेगळी," ती बाई म्हणाली.

"तुम्ही भरा."

तिनं भरलं. शिवकन्येनं फोटोशी ताडून बघितलं, कमी वाटलं, म्हणून अजून भरायला लावलं. नवऱ्याला काय सांगितलं ते तिचं तिलाच ठाऊक. पहिले आठ दिवस ती आरशावर फिदा होती. मग अर्धापूरला माहेरचं लग्न निघालं. मांडवात शिरताच चुलती म्हणाली, "अगं, गालफुगी झाली का काय तुला? लेप लाव की." लग्नाचा व्हिडिओ आला त्यात शिवकन्या दिसली ती स्वतःलाच ओळखू येईना. गाल सुकन्येचे आणि तोंड आपलं, दोघांची एकमेकांशी काही ओळखदेख नसल्यागत.

तरी तिला आशा होती ती येळवशीची. गेल्या वर्षीची येळवस आली. उमाबाईंचे डोळे आता मोतीबिंदूनं अधू झालेले, त्यांचं सगळं बघणं हातानंच. हात थोरलीच्या गालांवर आले आणि थांबले. पीठ मळून झालं का बघावं तसं त्यांनी अंगठ्यानं दाबून बघितलं.

"हे काय गं घट्ट घट्ट लागायलंय? दाढ सुजली काय?"

एक बोट वाजलं नाही. पाठोपाठ सुकन्येची पाळी आली आणि पुन्हा ती माळ वाजली. शिवकन्या चुलीपाशी गेली आणि धुराचं निमित्त करून रडून घेतलं.

पुढे काही महिने तिनं वाट बघितली, की जेल आपलं आपण विरेल. विरेना. दसऱ्याच्या सुमारास ती परत त्याच खोलीत गेली आणि म्हणाली, काढा हे सगळं. विरघळवायचंही इंजेक्शन असतं. ते झोंबलं, एक दिवस तोंड सुजलं, आणि सूज उतरली तशी आरशात जी बाई दिसली ती आधीच्या शिवकन्येपेक्षा दहा वर्षांनी थोरली होती. खळगे परत आले होतेच, पण आता त्यांच्यावरची कातडीही सैल पडली होती, बारशाचा फुगा दुसऱ्या दिवशी खुंटीवर लोंबावा तशी. बालाजीनं ताटावरून मान वर केली आणि विचारलं, "बरं न्हाई का तुला? दवाखान्यात दाखवून येऊ?"

ती स्वतःच्याच चेहऱ्याला मुकली होती. ज्या चेहऱ्याला इतकी वर्षं नावं ठेवली तोच आता परत मिळाला तर बरं, अशी पाळी आली.

नांदेडात तोंड दाखवायची सोय उरली नव्हती म्हणून तिनं लातूर गाठलं. औसा रोडला लुंबिनी मॅडम नावाच्या कातडीच्या डॉक्टर होत्या. वयानं लहान, बोलायला शांत. त्यांनी शिवकन्येला हसायला लावलं, वर बघायला लावलं, गालाची कातडी चिमटीत धरून सोडून बघितली.

"आज काही करायचं नाही," त्या म्हणाल्या. "इतके दिवस ताणलेली कातडी आहे, ती आपली आपण थोडी आवळते. आतली सूजही पुरती गेलेली नाही. सुजेवर भरायला गेलं की अंदाज चुकतो. महिना-दीड महिना थांबा."

"येळवशीच्या आत व्हईल का?"

मॅडम लातूरच्याच. येळवस म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. "होईल. पण पुढच्या वेळी येताना एक फोटो आणा."

शिवकन्येनं लगेच मोबाइल काढून सुकन्येचा फोटो पुढे धरला. मॅडमनी तो बघितला आणि मोबाइल परत दिला.

"ह्यांचा नको. तुमचा."

घरी येऊन तिनं कपाटं उपसली. बावीस वर्षांचे फोटो, आणि प्रत्येकात ती कडेला, अर्धं तोंड पदराआड. शेवटी एक सापडला तो लग्नाआधीचा. अर्धापूरच्या केळीच्या बागेत तिचे वडील आप्पासाहेब घड उचलून उभे आहेत, आणि शेजारी ती, केसांच्या दोन वेण्या, तोंड उघडं टाकून खदाखदा हसते आहे. गालाची हाडं उन्हात चकाकताहेत. ही पोरगी वाईट दिसते असं कुणी म्हटलं असतं तर आप्पासाहेबांनी त्याला बागेतून हाकलून दिलं असतं. शिवकन्येनं तो फोटो पदरानं पुसला आणि पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या खेपेला मॅडमनी तो फोटो टेबलावर उभा ठेवला आणि कामाला लागल्या. यावेळी गाल फुगवायचे नव्हतेच. हाडाच्या वर, खोल, दोन्हीकडे थोडंसं, सैल पडलेली कातडी उचलून धरायला लागतं तेवढंच. "अजून जराक भरा की," असं शिवकन्येच्या तोंडावर आलं होतं, पण मॅडमनी सुई बाजूला ठेवून आरसा हातात दिला. आरशात केळीच्या बागेतली पोरगी होती, थोडी थकलेली, पण तीच.

स्कार्फ गुंडाळून ती बाहेर आली तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं हाक मारली, "शिवकन्या बालाजी! मलम राहिलं तुमचं." कोपऱ्यात डोक्यापासून हनुवटीपर्यंत ओढणी गुंडाळून बसलेली एक बाई दचकून उठली.

"अक्का? तुम्ही इथं?"

आवाज सुकन्येचा. शिवकन्येची जीभ मात्र तयारच असते. "वांग आलेत गं गालावर. त्याचं मलम न्यायला आलते. तू?"

सुकन्येनं आजूबाजूला बघितलं आणि ओढणी खाली केली. ते गाल नव्हते. डोळ्यांखाली नुसते खड्डे, आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना कातडी उतरलेली. शिवकन्या बघतच राहिली, कारण दोन महिन्यांपूर्वी हेच तोंड तिनं स्वतःच्या आरशात बघितलं होतं.

"पुण्याला जाऊन भरून घेतले होते, अक्का," सुकन्या हळूच म्हणाली. "डोळ्याखाली गाठ आली म्हणून आता विरघळवले. आठ दिवस झाले. मॅडम म्हणायल्यात, संक्रांतीपर्यंत हात लावायचा न्हाई."

"भरून घेतले? तू? कामून गं? तुला काय कमी होतं?"

"कमी व्हायलंच होतं की. सृष्टीच्या बारावीला मला टायफॉइड झालता न्हवं का, तवा गाल बसले. त्या येळवशीला आत्याबाईंची दोनच बोटं वाजली. तुमच्या ध्यानात न्हाई आलं?"

आलं नव्हतं. चुलीपाशी बसून तिला बोटं वाजल्याचं तेवढं कळायचं, ती कमी वाजली का जास्त हे तिनं कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं.

"दोन बोटं, अक्का. मला धडकीच भरली," सुकन्या म्हणाली. "आत्याबाई तुम्हाला पेरणीचं इचारतात, रानाचं बोलतात. मला नुसता गालावरून हात फिरवतात. तेवढंबी गेलं तर त्या घरात माझं काय?" तिनं शिवकन्येचा हात धरला. "कुणाला सांगू नका. तुमच्या पाया पडते. येळवशीला असंच यावं लागंल मला, तवा सर्दी झाली म्हणीन."

"न्हाई सांगत," शिवकन्या म्हणाली.

अहमदपूरच्या पुढे एसटी लागेपर्यंत तिनं तोंडावरचा स्कार्फ काढला नाही. मग तिला हसू फुटलं. ज्या गालांपायी ती जळून कोळसा झाली, ज्यांचा फोटो घेऊन ती सुईपुढे बसली, ते पुण्याचे निघाले! तिला राग आला, आपण फसवले गेलो म्हणून, आणि त्या रागाच्या खालून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या त्या दाबता दाबेनात. नांदेड येईपर्यंत तिनं एक वाक्य मनात घोळवून घोळवून गुळगुळीत केलं होतं. कुणी सुकन्येच्या तोंडाचं विचारलंच, तर सहज म्हणायचं, "तिलाच इचारा की, पुण्याला कशापायी गेलती ते." बस, एवढंच. आपण काही सांगितलं नाही आणि वचनही मोडलं नाही.

येळवस आली. रान ज्वारीनं भरलेलं, हरभऱ्याला घाटे धरलेले. कोपीत भज्जीचं पातेलं उतरवून ठेवलेलं, वर झाकलेले बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे. पोरंबाळं आंब्यावर चढलेली, बालाजी आणि वैजनाथ पांडवांपुढे आंबील शिंपडायच्या तयारीत. शिवकन्या त्या दिवशी पदर खांद्यावरच ठेवून आली होती. नणंदेनं आल्या आल्या विचारलं, "वैनी, काय खाल्लं? लई छान दिसायलीस." शिवकन्येनं तिला दोन उंडे जास्तीचे वाढायचं तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

सुकन्या उशिरा आली. डोक्यावरून पदर, पदर गालांपर्यंत, आंबिलीचं बिंदगं, म्हणजे छोटी घागर, काखेत.

थोरलीचा मान पहिला. शिवकन्या पाया पडली आणि उमाबाईंनी दोन्ही हात वर केले. खरबरीत तळवे तिच्या हाडांवरून सावकाश उतरले.

"आज तू तू लागायलीस गं," उमाबाई म्हणाल्या. "मधी कुटं गेलतीस?"

त्यांनी बोटं कानशिलांवर नेली. आणि ती वाजली. डाव्या हाताची, उजव्या हाताची, एकामागून एक, वाळल्या तुराट्या मोडाव्यात तशी.

"अगो माय! थोरलीला कुणाची लागली गं एवढी?"

शिवकन्येच्या डोळ्यांत पाणी आलं. बावीस वर्षं तिनं ह्या आवाजाची वाट बघितली होती, आणि तो आज तिच्या नावानं सगळ्या रानानं ऐकला. मान वर करून तिनं बघितलं तर समोर सुकन्या उभी होती. बिंदगं काखेत तसंच, आणि नजर शिवकन्येच्या गालांवर खिळलेली. त्या नजरेत काय आहे हे शिवकन्येला कुणी सांगायची गरज नव्हती. ती नजर तिनंच आजवर सांभाळली होती.

मग धाकटी पाया पडली. उमाबाईंचे हात तिच्या गालांवर आले आणि खाली घसरले, पुन्हा वर आले, काही हरवलेलं शोधावं तसे. बोटं कानशिलांवर गेली. वाजली नाहीत. त्यांनी पुन्हा दाबली.

"न्हाई वाजत," त्या म्हणाल्या, आणि जुन्या सवयीनं हसल्या. "तुला कोण दृष्ट लावतंय गं आता! तू बिनघोर ऱ्हा."

सगळे हसले. सुकन्याही हसली.

ते हसू शिवकन्येनं ओळखलं. असंच हसली होती ती स्वतः, ह्याच कोपीपुढे, सगळ्यांच्या बरोबरीनं.

"पर हिला झालंय काय?" उमाबाईंचं चाललंच होतं. "हाताला नुसती हाडं लागायलीत. तोंड कामून असं बसलंय? कुणी सांगतंय का मला?"

हसणं थांबलं. नणंद बघायला लागली, वैजनाथ खाली बघायला लागला. सुकन्येनं कुणाकडे बघितलं नाही, फक्त शिवकन्येकडे बघितलं. एसटीत घोटलेलं वाक्य शिवकन्येच्या जिभेच्या टोकावर येऊन उभं होतं, आणि खोटं कशाला बोला, ते बोलायची तिला भयंकर इच्छा झाली. एकदा बोललं की मग पुढच्या सगळ्या येळवशी तिच्याच होत्या.

ती उठली. सुकन्येच्या काखेतलं बिंदगं काढून खाली ठेवलं, तिच्या तोंडावरचा पदर मागे सारला आणि दोन्ही हात तिच्या गालांवर ठेवले. गाल पोकळ होते आणि ओले होते. ती पुढे वाकून तिच्या कानात म्हणाली, "वांगबिंग काही न्हाई मला. मीबी सुईच घ्यायला आलते. पहिल्यांदा भरले ते तुझा फोटो दाखवून."

सुकन्येनं डोळे मोठे केले. शिवकन्येनं तिच्या गालांवरून हात खालपर्यंत फिरवले, आपल्या कानशिलांवर नेले आणि सगळा जीव एकवटून बोटं दाबली.

दहाच्या दहा वाजली. आंब्यावरची पोरं खाली बघायला लागली.

"एवढी!" उमाबाईंनी आंधळ्या नजरेनं आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. "एवढी कुणाची लागली गं धाकटीला?"

"माझी, आत्याबाई," शिवकन्या म्हणाली. "लई जुनी हाय."

मग उमाबाईंनी चाचपडत दोघींचे हात धरले आणि दोघींनाही आपल्या शेजारी गोणपाटावर बसवून घेतलं.